वाघीण आखूडच का? कारंज्याच्या नॅरो गेजपासून तुमच्या परसापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे आकडे भराभर निघून गेले, ते इथे निवांत बघता येतील.

विषय एका श्रोत्याने दिला. भाऊ आपल्या वाशिम जिल्ह्यातला. घरामागे मोकळी जागा आहे, तिथे त्याला छोटी रेल्वे मांडायची आहे. जमिनीवर खरेखुरे बारके रूळ, बाजूला कढीपत्ता आणि तुळस, आणि मधून धावणारी मालगाडी. त्याचा प्रश्न असा: ‘वाघिणी लांब घेऊ की आखूड? लांब भारी दिसतात, पण ज्याला विचारावं तो म्हणतो आखूड घे. काहून?’

आधी शब्दाचं बघू. इंग्रजी ‘वॅगन’ मराठीत आली आणि तिची ‘वाघीण’ झाली. आजही पेपरात बातमी येते, ‘मालगाडीच्या तीन वाघिणी रुळावरून घसरल्या.’ मला हा शब्द फार आवडतो, त्यामुळे आज मी तोच वापरणार.

भाऊच्या प्रश्नाचं छोटं उत्तर आहे: आखूड घे. मोठं उत्तर ऐकायला आपल्याला कारंज्याला जावं लागेल, मग बार्शीला, मग आजच्या एखाद्या ब्रॉड गेज स्टेशनवर. तिन्हीकडे एकच गोष्ट दिसते. वाघिणीची लांबी आत भरलेला माल ठरवत नाही. ती ठरवतात खालचे रूळ, वाटेतली वळणं आणि गाडी उभी राहते ती जागा.

कापूस आधी, रूळ नंतर

मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याआधी काही वर्षं, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध झालं होतं. तिकडचा कापूस बंद पडला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. म्हणून मुख्य लाइन झाल्याबरोबर कापसाच्या मोठ्या बाजारांना फांद्या फुटल्या. जलंबहून खामगाव, बडनेऱ्याहून अमरावती. खामगावची फांदी १८७० मध्ये सुरू झाली आणि उद्घाटनाला थेट व्हाइसरॉय आले होते, लॉर्ड मेयो.

या मेयोचं नाव लक्षात ठेवा. त्याच १८७० साली त्याच्याच सरकारने ठरवलं की सगळीकडे साडेपाच फुटी ब्रॉड गेज परवडणार नाही, देशाच्या मोठ्या भागात एक मीटर रुंदीचे स्वस्त रूळ टाकायचे. इथून भारतात गेजची उतरंड सुरू झाली. मोठ्या बाजाराला रुंद रूळ, मधल्याला मीटर, आणि लहान गावाला आणखी अरुंद.

कारंजा या उतरंडीत शेवटच्या पायरीवर आलं. मुख्य लाइनवरचं जवळचं स्टेशन मूर्तिजापूर. तोवर कारंज्याचा कापूस बैलबंड्यांनी तिथवर जायचा. १९१० च्या दशकात अखेर रूळ आले, ते अडीच फुटी. ७६२ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉड गेजच्या निम्म्याहून कमी. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा उत्तरेला अचलपूरला. कंपनीचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे, कारण १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता. तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही ब्रिटिश फर्म होती. लोकांनी मात्र गाडीला आपलं नाव दिलं: शकुंतला.

एक गैरसमज इथेच काढू. ‘शकुंतलेचा कापूस थेट मँचेस्टरला जायचा’ हे वाक्य इंटरनेटवर शंभर ठिकाणी सापडेल. शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं होतं हे खरं. १९२१ मध्ये बांधलेलं ते इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. पण वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धागा जास्त पसंत होता. विसाव्या शतकात आपल्या आखूड धाग्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या गिरण्या आणि जपान. थोडक्यात, आखूड धागा आणि आखूड वाघीण, दोन्ही आपल्याच नशिबी.

पाच टनांचं गणित

आता रूळ अरुंद म्हणून वाघीण आखूड, इतकं सोपं आहे का? नाही. यासाठी बार्शीला चला.

१८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत एक अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. तिचा कर्ता एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला हा गडी लगेच समजतो, कारण त्याने आधी मर्यादा लिहून काढली आणि मग तिच्या आत डिझाइन बसवलं.

मर्यादा अशी: हलके रूळ स्वस्त पडतात, पण त्यांना जड चाक सोसत नाही. रूळ मोडतो तो पूर्ण गाडीच्या वजनाने नाही. एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जेवढं वजन येतं त्याने मोडतो. कॅलथ्रॉपने ठरवलं की कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचं नाही. इंजिन असो की वाघीण, सगळ्यांना एकच नियम. आपल्या भाषेत हे लोड बॅलन्सिंग झालं. एका सर्व्हरवर सगळं टाकू नका, सारखं वाटा.

आता हिशोब करा. दोन ॲक्सलची साधी वाघीण घेतली, तर माल आणि डबा मिळून जास्तीत जास्त दहा टन. डब्याचं स्वतःचं वजन वजा केलं की मालाला फार काही उरत नाही. चार ॲक्सलची, म्हणजे दोन बोगींवर बसलेली वाघीण घेतली, तर वीस टन. डबा पाच टनांच्या आत बसवला की पंधरा टन माल. म्हणून कॅलथ्रॉपने दाबून घडवलेल्या पोलादाच्या हलक्या चौकटी वापरल्या आणि मालाच्या सगळ्या वाघिणींना एकच माप दिलं: २५ फूट लांब, ७ फूट रुंद.

पंधरा टन म्हणजे किती कापूस? त्या काळी दाबलेल्या रुईची एक गाठ ३९२ पौंडांची धरत, म्हणजे सुमारे १७८ किलो. दोन गाठींची एक खंडी. पंधरा टनांत अशा पंचाऐंशी गाठी बसतात. पण सरकीसकट मोकळा कापूस भरला, तर वाघीण गच्च दिसते आणि वजन मात्र किरकोळ. रेल्वे आल्यावर जिनिंग-प्रेसिंगला एवढं महत्त्व का आलं, ते यावरून कळतं. सरकी काढायची, रुई दाबून गाठ बांधायची, तेव्हा कुठे वाघिणीचं भाडं वसूल होतं.

आणि ही गाठ पुढे मूर्तिजापूरला उतरवावी लागायची. गेज बदलला की वाघीण पुढे जाऊ शकत नाही, माल तेवढा जातो. एकट्याला न पेलणारी १७८ किलोची गाठ छोट्या वाघिणीतून काढून मोठीत चढवायची. स्वस्त रुळांचे जे पैसे कंपनीने वाचवले, त्यातला काही भाग हमालांच्या पाठीने भरला. शकुंतलेच्या आठवणी सांगताना हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही.

वळणावर काय होतं

बार्शीच्या २५ फुटी वाघिणीला बोगी लागली, त्याला वजनाशिवाय आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या परसात जसंच्या तसं लागू होतं.

दोन ॲक्सलच्या वाघिणीत दोन्ही ॲक्सल एकमेकींना समांतर, पक्क्या बसवलेल्या असतात. रूळ वळला तरी त्या वळत नाहीत. त्या जितक्या दूर, तितकं चाक रुळाला घासतं, आणि एका मर्यादेनंतर वर चढून खाली उतरतं. म्हणून अशी वाघीण आखूड असणं भागच आहे. लांब डबा हवाच असेल, तर त्याच्या दोन टोकांखाली फिरणाऱ्या बोगी घालाव्या लागतात.

बोगी घातली की सगळं सुटलं असंही नाही. लांब डबा वळणावर गेला की त्याचं पोट आतल्या बाजूला सरकतं. किती, ते काढायला सोपं सूत्र आहे: दोन बोगींच्या मध्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वळण धरा. परसातल्या मॉडेलमध्ये हे नेहमीचं माप आहे. बोगींमधलं अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर पोट जवळपास १९ मिलिमीटर आत येतं. तेच अंतर १५ सेंटिमीटर केलं, तर ५ मिलिमीटरही नाही. लांबी निम्मी, सरकणं चौथा हिस्सा. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असेल, किंवा वळणाला लागून दगड ठेवला असेल, तर हे १९ मिलिमीटर म्हणजे टक्कर.

१९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची दोन फुटी गाडी आठवा. तिचे डबे इवलेसे आहेत ते पर्यटकांना गोड वाटावेत म्हणून नाहीत. डोंगराच्या कडेने जी वळणं घ्यावी लागली, त्यांत मोठा डबा बसलाच नसता.

मोठ्या रेल्वेनेही वाघीण आखूड केली

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या गरीब लाइनींचं झालं. आजची मोठी रेल्वे तर लांब वाघिणी वापरते ना?

इथे मजा आहे. दोन ॲक्सलच्या जुन्या वाघिणी जाऊन बोगीवाल्या लांब वाघिणी आल्या हे खरं. पण त्यानंतर गाडी उलटी फिरली. कोळशाची उघडी वाघीण आधी ‘बॉक्स’ प्रकारची होती, लांबी १३.७ मीटर. तिच्यानंतरची ‘बॉक्सएन’ १०.७ मीटर. धान्य, खत, सिमेंट नेणारी बंद वाघीण ‘बीसीएनए’ १४.४५ मीटर, तर तिच्या पुढची ‘बीसीएनएचएल’ १०.९६ मीटर. पुढची पिढी आखूड!

का? कारण स्टेशनातली लूप लाइन. एक गाडी दुसरीला पुढे जाऊ देण्यासाठी जिथे बाजूला उभी राहते, तो रूळ. त्याची प्रमाणित लांबी ६८६ मीटर. मालगाडी त्यात पूर्ण मावली पाहिजे, नाहीतर मुख्य लाइन अडते. देशभरातल्या लूप लांब करायला अफाट पैसा लागेल. म्हणून इंजिनिअरांनी विचारलं, ठरलेल्या लांबीत जास्तीत जास्त माल कसा बसेल? उत्तर निघालं: वाघीण आखूड करा, थोडी रुंद आणि उंच करा, आणि ॲक्सलवर जितकं चालतं तितकं पूर्ण भरा. बीसीएनएचएलच्या प्रत्येक ॲक्सलवर २२.९ टन चालतात. चार ॲक्सलचे झाले ९१.६ टन, त्यातून वाघिणीचं स्वतःचं २०.८ वजा केलं की जवळपास ७१ टन माल. अशा ५८ वाघिणी एका गाडीत. आधीच्या लांब वाघिणी त्याच जागेत चाळीस-बेचाळीस बसायच्या.

कॅलथ्रॉपने बार्शीला जे गणित केलं तेच हे गणित, शंभरेक वर्षांनी. फक्त पाच टनांच्या जागी २२.९.

मग परसात काय करायचं

आता भाऊच्या घरामागे जाऊ.

पहिलं, कोणती लाइन करायची ते ठरव. वाशिम जिल्ह्यात दोन पर्याय आहेत. वाशिम शहरावरून जाणारी अकोला-पूर्णा लाइन २००८ पर्यंत मीटर गेज होती. तिच्यासाठी बाजारात मिळणारे ४५ मिलिमीटरचे रूळ चालतात. जर्मनीच्या एलजीबी या ब्रँडने १९६८ मध्ये हेच रूळ घेऊन बागेतली रेल्वे लोकप्रिय केली. प्रमाण १:२२.५, म्हणजे ४५ गुणिले २२.५, बरोबर एक मीटर आणि वर थोडं. कारंज्याची शकुंतला करायची असेल, तर ३२ मिलिमीटरचे रूळ आणि १:२४ प्रमाण घे. ३२ गुणिले २४ म्हणजे ७६८. खरा गेज ७६२. सहा मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

दुसरं, वाघीण विकत घेण्याआधी टेप घे. सगळ्यात आवळ वळण किती आणि लूप किती लांब, हे दोन आकडे वहीत लिही. समजा लूप दोन मीटरची आहे. इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून अर्धा मीटर गेला, उरला दीड मीटर. बार्शीच्या मापाची २५ फुटी वाघीण १:२४ मध्ये सुमारे ३२ सेंटिमीटर होते. जोडणीची जागा धरून ३५. दीड मीटरमध्ये बसतात चार. दोन ॲक्सलची १८ सेंटिमीटरची वाघीण घेतली, तर जोडणीसकट २०, आणि बसतात सात. चार डब्यांची गाडी ‘शंटिंग चाललंय’ वाटते. सात डब्यांची गाडी मालगाडी वाटते.

तिसरं, रुंदीत कंजुषी करू नको. नॅरो गेजची खरी ओळख लांबीपेक्षा रुंदीत आहे. अडीच फुटी रुळावर सात फुटी डबा, म्हणजे रुळाच्या पावणेतीनपट. १:२४ मध्ये जवळपास ८९ मिलिमीटर. वाघीण आखूड केली आणि अरुंदही केली, तर ती खाणीतली ढकलगाडी दिसेल.

चौथं, बाजूचे दोन बफर लावू नको. आपल्या नॅरो गेजला मधोमध एकच बफर असतो आणि जोडणीही तिथेच. त्यामुळे आवळ वळणावर शेजारच्या डब्यांचे बफर एकमेकांत अडकत नाहीत. कापसाच्या गाठी असतील तर वाघीण बंद दाखव, नाहीतर उघडीवर ताडपत्री टाक. वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्या आणि उघडी रुई, हे जमत नाही.

आता आखूड वाघिणीची उणी बाजूही सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मांडलेला रूळ कुठे ना कुठे पिळणारच. पिळलेल्या रुळावर बोगीवाली वाघीण जुळवून घेते, पण पक्क्या चार चाकांच्या वाघिणीचं एक चाक हवेत राहतं आणि ती घसरते. उपाय सोपा आहे. एक ॲक्सल पक्की ठेव आणि दुसरी मधोमध टेकवून किंचित डोलू दे. तीन पायांचं स्टूल कुठेही डगमगत नाही, तसंच. वाघीण तळाशी थोडी जडही कर. आणि थ्री-डी प्रिंट करणार असशील तर पीएलए वापरू नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात कारंज्याच्या उन्हात काळपट छप्पर तिथवर सहज तापतं. एएसए घे, किंवा सरळ पत्रा.

माझं मत विचारशील, तर पाच-सहा आखूड वाघिणी आणि बार्शीच्या मापाची एखादी बोगीवाली घे. दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की पाच टनांचं गणित पाहुण्यांना न सांगता दिसेल.

हे सगळं कशासाठी

कोणी म्हणेल, खेळण्याच्या डब्याच्या लांबीवर एवढा काथ्याकूट कशाला? सांगतो.

शकुंतलेची गोष्ट आपण दोनच सुरांत ऐकतो. एक सूर, ‘अजूनही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे.’ स्वातंत्र्यानंतर गाडी सरकारी रेल्वेने चालवली आणि मालकी खासगी कंपनीकडे राहिली, ही वस्तुस्थिती आहे. दुसरा सूर, ‘आमची गोड, हळू गाडी.’ तोही खरा. पण दोन्हीत एक प्रश्न राहून जातो. कारंज्याला एवढे बारीक रूळ कोणी आणि का दिले? उत्तर वाघिणीत लिहिलेलं आहे. जेवढा खर्च करायची तयारी होती, तेवढेच रूळ. जेवढे रूळ, तेवढाच ॲक्सलवर भार. जेवढा भार, तेवढीच वाघीण. गावाला किती किंमत दिली गेली, ते त्या गावाच्या वाघिणीची लांबी मोजून कळतं.

आणि हा हिशोब जुना झालेला नाही. आज शकुंतला धावत नाही. ती ब्रॉड गेज व्हावी ही मागणी वर्षानुवर्षं आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉड गेज लाइन होते आहे, तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ मध्ये सुरूही झाला. ती यवतमाळवरून दारव्हा, पुसदकडे जाईल. कारंजा तिच्यावर नाही. १८७० मध्ये खामगावला रुंद रूळ मिळाले तेव्हा कारंजा थांबलं होतं, आणि आजही थांबलेलंच आहे.

म्हणून भाऊ, तुझी मालगाडी कर आणि आखूड वाघिणींचीच कर. फक्त कोणी विचारलं, ‘डबे एवढेसेच का रे?’ तर ‘जागा कमी होती’ एवढंच सांगून सोडू नको. जागा कमी होती हे खरंच आहे, तुझ्या परसातही आणि कंपनीच्या हिशोबातही. त्यातला दुसरा भाग सांगायला तुझ्याकडे आता आकडे आहेत.

तुमच्या घरी कोणी शकुंतलेने प्रवास केलेला असेल, मूर्तिजापूरला गाठी चढवलेल्या असतील, जिनिंगमध्ये काम केलेलं असेल, तर त्यांना आजच बसवून विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वाघिणीचं माप कागदावर सापडेल. ती भरायला किती माणसं लागायची, हे त्यांनाच विचारावं लागेल.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.